शिन्यीच्या वाट्याचा भात

मी एक जुना राइस कुकर आहे, मित्रांनो. एक कान तुटका आहे, पण अंगातली ऊब शाबूत आहे. चीनमधल्या कारखान्यात जन्मलो आणि फांगच्या बॅगेत, तिच्या स्वेटरात गुंडाळून, शारजाला आलो. अल मजाजमधल्या एका खोलीत फांग आणि तिची चौदा वर्षांची मुलगी शिन्यी राहतात. नवऱ्याने दुसरा संसार थाटला, तेव्हापासून फांग एकटीच गाडा ओढते. घरोघरी मातीच्या चुली. इथली विजेवर चालते, एवढेच.

फांग सकाळी तांदळावर बोटाच्या पेराइतके पाणी घाली, बटण दाबी आणि दुबईतले दुकान गाठायला पळे. परतल्यावर एकच विचारी, "जेवलीस?" त्यांच्याकडे माया अशीच दाखवतात. "हो," शिन्यी मान वर न करता म्हणे. मग फांग माझे झाकण उघडी. तळ दिसला की तिचा जीव भांड्यात पडे. माझ्या पाठीवर थाप मिळे आणि ती मला टोचत राही.

कारण खरे मला ठाऊक होते. शाळेतून आल्यावर शिन्यी एक घास तोंडात घोळवत बसे आणि बाकीचा भात बाल्कनीत कबुतरांना घाली. पोर सुकत चालली होती. वाफ सोडण्यापलीकडे मी काय करणार? फार वाईट दिवस होते ते.

फांगच्या सुट्टीच्या दुपारी शेजारच्या मराठी छायाकाकू दारात आल्या. दुकानात राहून फांगला हिंदी कळू लागली होती.

"सिस्टर, तुम्हारी बेटी रोज कबूतर को राइस डालती है. मेरी बाल्कनी तो खलास."

फांगने आधी माझ्याकडे पाहिले, मग शिन्यीकडे. पोरीचे घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरत होते.

"का गं?"

"एकटीच्या घशाखाली उतरत नाही," शिन्यी आपल्या भाषेत म्हणाली. "पण भांडं रिकामं दिसलं की तुला झोप लागते."

फांगने लेकीला जवळ ओढले. चिनी शब्द कळले नाहीत, तरी छायाकाकूंचा राग कुठल्या कुठे पळाला. "कल से मेरे साथ बैठ के खाना, ओके?" त्या शिन्यीला म्हणाल्या.

आता दुपारी शिन्यी मला उचलून शेजारी नेते. कधी चार घास जातात, कधी दोनच. डॉक्टरांचे औषधही चालू आहे. कबुतरे अजून काचेवर चोच मारतात. घरी आल्यावर फांग आधी लेकीच्या तोंडाकडे बघते.

मित्रांनो, मला घासले नाही, तर फार तर डाग पडतील. पण माणसाकडे बघितले नाही, तर माणूस सुकतो. म्हणून घरात कोणी "जेवले" म्हटले, तर भांड्यात डोकावू नका. आपले ताट घेऊन त्याच्यासमोर बसा.