थोरलीची गळती

आमच्या ट्रकला घरात सगळे थोरली म्हणतात. माझा लेक जन्मला त्याच्या आदल्या वर्षी ती दारात आली, म्हणून. चढाला धापा टाकते, डिझेल ढोसते, पण आजवर तिने आम्हाला वाटेत सोडलं नाही. माणसांबद्दल असं मी सहसा बोलत नाही.

तर या थोरलीखाली अंगणात ऑइल साचायला लागलं. आधी बशीएवढं, मग ताटाएवढं. मी रोज सकाळी भुसा टाकून पुसायची आणि पुसताना तोंडाचा पट्टा सोडायची. तेही चाललं असतं. पण लेक ज्या कागदाच्या कारखान्यात माल टाकतो, तिथे नवा नियम निघाला. ज्या गाडीखाली ऑइल ठिबकेल ती गेटच्या आत घ्यायची नाही. सोमवारी तपासणी. थोरली गेटवरून परत आली की कारखान्याचं काम गेलं, आणि आमच्याकडे दुसरं काम नव्हतं.

शनिवारी मेकॅनिक आला. गाडीखाली शिरला तो बराच वेळ नुसते पाय दिसत होते. बाहेर येऊन म्हणाला, "काकू, इंजिन पुढून गळतंय, मागून गळतंय, खालच्या चेंबरच्या कडेनेही गळतंय. सगळी सीलं एकदम कशी गेली कळत नाही. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. आठवडा जाईल."

"आठवडा? मग सोमवारी माल काय मी डोक्यावर घेऊन जाऊ?"

"विकून टाकू आई," लेक म्हणाला. तोंड एवढंसं झालं होतं त्याचं.

आमचे हे उठून आत गेले. थोरलीला विकायचं म्हटलं की यांना ऐकू येत नाही. एरवी स्वयंपाकघरात कप वाजला तरी येतं.

"कोणी काही उतरवायचं नाही आणि विकायचं नाही," मी म्हटलं. "तुम्ही बाप-लेक खाली वाकून बघता आणि वर येऊन भांडता. उद्या मी बघते कुठून गळतंय ते."

रविवारी उजाडताच मी भाजी निवडायला खिडकीत बसले. नजर ट्रकवर.

आधी आले हे. चपला हातात, शर्टाखाली ऑइलचा कॅन. बॉनेट उचललं, ओतलं, बंपरवर थोपटून म्हणाले, "पी गं बाई." आणि चोरासारखे घरात. म्हटलं असू दे, गळतंय तर भरायला हवंच.

चहा उकळेपर्यंत लेक आला. कानाला फोन, सीटखालून काढलेला दुसरा कॅन. भसाभसा ओतलं आणि हात पँटला पुसले. ती पँट धुते कोण, विचारा.

मग धुण्याच्या बादलीतून तिसरा कॅन काढत सूनबाई आली. स्टुलावर चढून, नरसाळं लावून, थेंब न सांडता तिने ओतलं. या घरात नीट काम ती एकटीच करते. हे तिला कोणी सांगायचं नाही.

मी खिडकीतूनच ओरडले, "थांबा सगळे! हलायचं नाही कोणी!"

मेकॅनिकलाही बोलावून घेतलं.

"रोज ओतता?" मी तिघांना विचारलं.

"थोडंसंच," हे म्हणाले. "खाली सांडलेलं बघून जीव तुटतो."

"मी निघताना ओततो," लेक म्हणाला. "बाबांच्या लक्षात राहत नाही."

"माझ्या? तुझ्या लग्नात तुझेच बूट शोधून दिले कोणी?"

"फोन आला की यांना काही सुधरत नाही," सूनबाई नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणून मग मी."

"पट्टी बघून ओतता ना?" मेकॅनिकने विचारलं. यांना चष्म्याशिवाय पट्टीवरची खूण दिसत नाही. लेकाला वेळ नसतो. सूनबाई म्हणाली, "कुठली पट्टी?"

मेकॅनिकने इंजिनातून ऑइल मोजायची पट्टी ओढली. खुणा राहिल्या खाली, ऑइल पार वर चढलेलं. "अहो, हिच्या गळ्याशी आलंय! जास्त झालं की आत दाब वाढतो, मग वाट मिळेल तिथून बाहेर पडतं." मग कान खाजवत म्हणाला, "काल मीही पट्टी न काढताच खाली शिरलो."

"म्हणजे तू चौथा," मी म्हटलं. "खाली गळतं म्हणून हे वरून ओततात, आणि वरून ओततात म्हणून खाली गळतं! पण पहिला थेंब आला कुठून?"

जास्तीचं ऑइल काढलं. इंजिन घासून धुतलं, कोरडं केलं आणि त्यावर पावडर शिंपडली.

"आई, ती माझी चांगली पावडर आहे!"

"तू पावडरीशिवायही छान दिसतेस," मी बोलून गेले. सूनबाई बघतच राहिली. तिला सावरायला वेळ न देता मी लेकाला गाडी चालू करायला लावली.

सगळे सवयीने खाली वाकले. मी वर बघितलं. इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, मेकॅनिक त्याला टॅपेट कव्हर म्हणतो, त्याच्या मागच्या कोपऱ्यातून पांढऱ्या पावडरीत एक काळी रेघ निघाली आणि पाठीवरून घामासारखी खाली गेली.

"तिथे बघा, आंधळ्यांनो!"

झाकणाचं पॅकिंग आक्रसलं होतं. जेवणाच्या आत नवं बसलं. संध्याकाळी मी खाली हात फिरवला, कोरडा आला.

सोमवारी मीही गाडीत बसले. शेजारी इस्त्रीचा शर्ट घालून हे. गेटवर पहारेकऱ्याने गाडीखाली पुठ्ठा सरकवला आणि इंजिन चालूच ठेवायला सांगितलं. लेकाने स्टिअरिंग असं धरलं होतं, जणू कोणी हिसकावून नेणार आहे. जरा वेळाने पहारेकरी वाकला.

"ठिपका आहे हो इथे."

लेकाने डोळे मिटले. मी गुडघ्यांना शिव्या घालत उतरले, ठिपक्यावर बोट टेकवलं, हुंगलं.

"पाणी आहे हे! अहो, सकाळी धुतलंत का हिला?"

हे दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "चार लोक बघणार. मळकी कशी आणायची?"

पहारेकऱ्यानेही बोट लावून बघितलं, खो खो हसला आणि गेट सताड उघडलं. मी परत वर चढले. गाडी आत शिरताच यांनी लेकाच्या पुढ्यातून हात घालून हॉर्न दाबला, तो सोडेचनात. आतले हमाल काम टाकून बघायला लागले.

"अहो, कारखाना आहे हा, लग्नघर नाही!" मी ओरडले.

हात काढला नाही त्यांनी. काढला असता तर मी दाबला असता.