माफीनाम्यातला ‘टु’

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या एका कारखान्यात भिंगकाका बावीस वर्षं मशीनवर होते. नव्या मॅनेजरसाहेबांनी मशीनचं पाणी रोजच्याऐवजी आठवड्यातून एकदा बदलायचा हुकूम काढला. गढूळ पाण्यानं काचांवर ओरखडे उठू लागले. एका दुपारी काकांचा तोल गेला आणि सगळ्यांसमोर ते बोलून बसले, “साहेब, तुम्हाला काचेतलं काही कळत नाही.”

साहेबांनी माफीनामा मागितला. लेखी, इंग्रजीत आणि एक प्रत हेडऑफिसला. नाहीतर घरी बसा.

काकांना बोलल्याचं खरंच वाईट वाटत होतं. माणसाला चारचौघांत असं बोलू नये. पण इंग्रजीशी त्यांची तोंडओळखही नव्हती. त्यांची धाकटी मेहुणी शाळेत इंग्रजी शिकवायची. तिनं पत्र लिहून दिलं. सुरुवात होती, ‘आय रिग्रेट सेइंग’, आणि पुढे काकांचं ते वाक्य.

साहेबांनी पत्र वाचलं आणि लाल पेन उघडलं. “सेइंग? अहो, रिग्रेटपुढे टु येतो. मी रोज लिहितो, वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू. टु से करा आणि पुन्हा आणा.”

जेवणाच्या सुट्टीत काकांनी मेहुणीला फोन लावला. ती किंचाळलीच.

“भावोजी, अजिबात नको! सेइंग म्हणजे, मी तसं बोललो याचा मला पश्चात्ताप होतो. टु से म्हणजे, सांगायला वाईट वाटतं, पण सांगतो. ही माफी नाही, तक्रार आहे!”

काका धावत केबिनमध्ये गेले. “साहेब, टु घातला की अर्थ उलटा होतो म्हणे.”

“कोण म्हणतं?”

“मेहुणी.”

“आता तुमची मेहुणी मला इंग्रजी शिकवणार?”

काकांनी पत्र बदलून आणलं आणि सही केली. साहेबांनी खाली स्वतःच्या हातानं ‘वाचले, मान्य आहे’ असा शेरा मारला, शिक्का उमटवला आणि प्रत समाधानानं हेडऑफिसला धाडली.

आठवड्याभरात तिथून एक अधिकारी बाई आल्या. कारागीर खेदपूर्वक कळवतो की मॅनेजरला काचेतलं काही कळत नाही आणि मॅनेजर त्याला लेखी मान्यता देतो, असं प्रामाणिक पत्र त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच पाहिलं होतं. त्यांनी मशीनच्या पाण्याच्या टाकीत बोट बुडवलं, दहा-बारा काचा उजेडात धरल्या. पाणी त्याच दिवसापासून पुन्हा रोज बदललं जाऊ लागलं. साहेबांची बदली झाली. बाईंनी काकांची पाठ थोपटली, तेव्हा काकांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

शेवटच्या दिवशी साहेब केबिनमध्ये खोकी बांधत होते. काका दारातच घुटमळले.

“साहेब, त्या दिवशी मी बोललो ते चुकलंच. मला मनापासून माफीच मागायची होती.”

साहेबांनी सुतळीची गाठ मारली.

“काचेतलं मला कळत नव्हतं, ते मला ठाऊक होतं हो,” ते म्हणाले. “इंग्रजी येतं असं मात्र वाटत होतं.”

काकांनी जड खोकं स्वतः उचललं आणि खाली गाडीपर्यंत पोचवलं.