एक बोट खाली

आमच्या शाळेत निरोप समारंभाची एक रीत आहे. जाणारा दहावीचा वर्ग शाळेला काहीतरी देतो आणि ते सांभाळायचं काम नववीकडे सोपवतो. व्हरांड्यातलं घड्याळ असंच आलं, पाण्याचं पिंपही. यंदाच्या वर्गाकडे सोपवायला एक प्लॅस्टिकची बाटली होती आणि ती शाळेत नव्हती. वरच्या वाडीत, त्याच वर्गातल्या निशिगंधाच्या अंगणात होती.

शाळा वरंधजवळ, घाटरस्ता सोडून थोडी आत आहे. मी महाडहून एसटीने येते आणि विज्ञान शिकवते. हा वर्ग सहावीत होता त्या जुलैत एका रात्री वरच्या वाडीवर दरड आली. शाळा तेव्हा कोरोनामुळे बंदच होती. वाडीतली डोंगराकडची चार घरं गेली. त्यातल्या एका घरी, आपल्या चुलत्याकडे, रितेश राहायला गेला होता. रितेश आणि निशिगंधा जुळी. दोघं एकाच बाकावर बसायची. निशिगंधा त्या रात्री आईजवळ होती म्हणून वाचली.

शाळा पुन्हा उघडली तेव्हा पहिल्याच तासाला तिनं मला विचारलं, "मॅडम, किती पाऊस पडला की डोंगर सुटतो?"

मला माहीत नव्हतं, आणि मी तसं सांगितलं. उतार, माती, आधी मुरलेलं पाणी, अशा बऱ्याच गोष्टींवर ते ठरतं, त्याला एक आकडा नसतो.

"मग पाऊस तरी मोजता येतो का?"

तो येतो. वर्गानं थंड पेयाची मोठी बाटली आणली. मान कापून ती उलटी बसवली, म्हणजे वर नरसाळं झालं. बाटलीचं बूड सपाट नसतं, म्हणून तळाशी खडे घातले आणि शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरलं. बाहेरून पट्टी चिकटवली. पंधरा सेंटिमीटरवर निशिगंधानं नेलपेंटनं लाल रेघ ओढली. रोज सकाळी बाटली शून्यापर्यंत रिकामी करायची, दिवसभर लक्ष ठेवायचं आणि पाणी रेघेला लागलं की अख्ख्या वाडीनं खाली शाळेत उतरायचं. ही रेघ कुठल्या पुस्तकातली नाही. इथला नेहमीचा पाऊस पाहून आम्ही ती अंदाजानं धरली. वाडीलाही मी हेच सांगितलं होतं.

पुढचे चार पावसाळे आमच्या फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात, तारखेच्या खाली, वाडीतला आदल्या दिवसाचा पाऊस लिहिलेला असे. तो कोपरा गणिताच्या सरांनीही पुसायचा नाही, असा वर्गाचा नियम होता.

बाटली वाचायचं काम निशिगंधाचं; जोराच्या पावसात ती शाळा बुडवून घरीच थांबायची. तिचे वडील हैबती एमआयडीसीत कंत्राटी कामाला, पाळीप्रमाणे येणारे-जाणारे. आई बयाबाई घरी असायची, पण ती बाटलीकडे बघत नसे. अंगण झाडताना ती बाटलीच्या चौथऱ्याभोवतीची जागा तशीच सोडायची. मी दोनदा वर गेले होते. दोन्ही वेळा ती चौथऱ्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली.

फेब्रुवारीत समारंभ झाला. पालकांनाही बोलावलं होतं. वरच्या वाडीची माणसं मागच्या सतरंजीवर बसली होती, त्यांच्यात बयाबाई होती.

आठवणी सांगायला आधी साहिल उठला. वर्गात गप्प न बसणारा एकच मुलगा, तो हा.

"सहावीत आम्ही मास्क लावून यायचो," तो म्हणाला. "पुढं बसणारी राजश्री माझ्याकडे वळून बघायची, तेव्हा मला वाटायचं, हसतेय. मास्क निघाल्यावर कळलं, रागानं बघत होती."

"अजून रागातच हाय!" राजश्री जागेवरून ओरडली.

हशा ओसरल्यावर साहिलनं आठवीतली गोष्ट काढली. त्या ऑगस्टमध्ये रेघेला पाणी लागलं आणि वाडी शेळ्यांसकट शाळेत उतरली. एका शेळीनं भूगोलाचा नकाशा खाल्ला. "कोकण किनारपट्टी पूर्ण, आणि वर घाटमाथ्याचा थोडा भाग," साहिल म्हणाला. मुख्याध्यापकही हसले.

मागून मुरारीभाऊंचा आवाज आला. त्यांचं घर निशिगंधाच्या शेजारी. "आनि डोंगर जागचा हलला नाय! हे पन सांग की. चार पावसाळ्यांत कितीदा उतरवलंत, मॅडम. तुमच्या फरशीवर झोपून कंबर गेली माझी."

"पण उतरलात ना, काका?" साहिल म्हणाला.

"उतरणार नाय तर काय? ही पोर दारात येऊन उभी र्‍हाते. भिजंल, पन हलायची नाय."

सगळ्यांनी निशिगंधाकडे पाहिलं. ती उठली. तिच्या हातात कागद नव्हता.

"बाटली नववीला द्यायची असं आमचं ठरलं होतं," ती म्हणाली. "पण नववीत वरच्या वाडीचं कुणी नाही. जोराच्या पावसात खालून वर येऊन बघायला कुणी वेळेत पोचणार नाही. फोनला वर रेंज नसते. म्हणून बाटली मी माझ्याकडेच ठेवते. मी महाडला जाणार नाही. बाहेरून बारावी करीन."

"बाहेरून सायन्स नसतं," राजश्री म्हणाली.

"आर्ट्स घेईन."

महाडला मावशीकडे राहून अकरावी सायन्स करायचं, हे तिचं वर्षभर ठरलेलं होतं. डोंगर का सुटतो ते तिला शिकायचं होतं. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. 'तू जा' एवढंच मला म्हणता आलं असतं, पण मग रेघ कोण बघणार? आणि ती ते लगेच विचारणार होती.

"मी बघीन."

बयाबाई मागे उभी राहिली होती. पदर तिनं मुठीत धरला होता.

"आई, तू नको."

"का गो? डोळे हायत मला."

"तुला आकडे..."

"आकडे कशाला होवेत? रेघ तांबडी हाय ना?"

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, आज वर येऊन दावा मला. हिच्यासमोर."

वर्गाचा फोटो काढायचा राहिला होता. फोटोवाला पोलादपूरहून आला होता आणि त्याला पुढचं काम होतं. त्यानं घाईनं फोटो काढला, त्यामुळे त्यात कुणीच नीट हसलेलं नाही. त्यानंतर आम्ही वर निघालो. वर्गाला मी चला म्हटलं नव्हतं, तरी सगळे आले. मुरारीभाऊ पुढे होते, कमरेची तक्रार न करता.

वाट दरडीच्या कडेनं जाते. तिथं आता गवत आणि रानमोडी माजली आहे. माहीत नसलेल्या माणसाला ती साधी मोकळी जागा वाटेल.

बाटली कोरडी होती, आत धूळ बसलेली. निशिगंधानं ती धुतली, खडे पुन्हा घातले. बयाबाई पाठ न करता चौथऱ्यासमोर उकिडवी बसली. मी तांब्यानं शून्याच्या खुणेपर्यंत पाणी ओतलं. "रोज सकाळी एवढंच ठेवायचं," मी म्हणाले. "त्याच्यावर चढेल तो पाऊस." मग हळूहळू रेघेपर्यंत भरलं.

तिनं रेघेवर बोट ठेवलं.

"मॅडम, त्या दिसाला ही बाटली हितं असती तर?"

मुलं कुंपणाशी उभी होती.

"वाडीत त्या दिवशी कुणी मोजलं नव्हतं," मी म्हणाले. "खाली महाडला किती पाऊस पडला, ते आकडे मी नंतर वाचले होते. त्यावरून सांगते. पाणी रेघेच्या वर गेलं असतं."

"कवा?"

मी निशिगंधाकडे पाहिलं. ती मान खाली घालून उभी होती. हे गणित तिनं फार पूर्वी एकटीनं केलेलं असणार, हे मला तेव्हा कळलं. खोटं बोलणं सोपं होतं. पण ज्या बाईनं आता या बाटलीवर विश्वास ठेवायचा होता, तिला बाटलीबद्दल पहिलीच गोष्ट खोटी सांगता येत नव्हती.

"दुपारी," मी म्हणाले. "उजेड असताना."

बयाबाईनं मान हलवली. "तेच आयकायचं नव्हतं मला," ती म्हणाली. "म्हनून बघत नव्हते बाटलीकडं."

निशिगंधा तिच्या शेजारी बसली. "आई, मी राहते."

"तू जा."

"मुरारीभाऊ उठले नाहीत तर?"

"उठंल. तू नुसती हुबी र्‍हातेस. माझा आवाज हाय."

"ते मातर खरं," मुरारीभाऊ म्हणाले, पण त्यांचा स्वर थट्टेचा नव्हता.

बयाबाईनं डोळे पुसले आणि लेकीला म्हणाली, "तुझी ती नखाची बाटली आन."

निशिगंधानं घरातून नेलपेंट आणलं. बयाबाईनं आपलं बोट आडवं करून लाल रेघेच्या खाली, तिला चिकटून ठेवलं.

"हितं वढ. येक बोट खाली."

मुरारीभाऊंनी डोंगराकडे पाहिलं. एक बोट म्हणजे दीड-दोन सेंटिमीटर. तेवढ्यानं वाडीला जास्त वेळा उतरावं लागणार, जास्त वेळा डोंगर जागीच राहणार आणि लोक जास्त वेळा कुरकुरणार. त्या बोटाला विज्ञानात काही आधार नव्हता. आमच्या पंधरालाही फारसा नव्हता.

"चालंल, मॅडम?"

"चालेल," मी म्हणाले.

निशिगंधानं आईच्या बोटाच्या खालच्या कडेनं रेघ ओढली. थोडा रंग बोटालाही लागला. वाळेपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या. मग बयाबाईनं वरची जुनी रेघ नखानं खरवडून काढली, बाटली उचलली आणि सगळं पाणी अंगणात ओतायला लागली.

"सगळं नको, आई. खुणेपर्यंत ठेव."

बयाबाईनं बाटली चौथऱ्यावर सरळ ठेवली, वाकून पाहिलं, आणि तांब्यातलं पाणी बारीक धारेनं खुणेपर्यंत पुन्हा भरलं.