धरलेले मनगट

सन एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या चैत्रातील भर दुपारी शिपाई केसरीनाथ पाटील व हवालदार महादू म्हात्रे भिवंडीच्या एका यंत्रमाग कारखान्यात शिरले, तेव्हा उभयतांच्या मनात भयाचा लवलेशही नव्हता. शिफ्ट बदलताना दोन कामगार हातघाईवर आले, एवढीच वर्दी होती.

महादू हवालदारांची जुनी सवय अशी की, माणूस समोर येताच ते प्रथम त्याची कॉलर धरीत.

"दादा, चार हात लांब उभं राहावं," केसरीनाथाने वाटेत नम्रपणे सांगून पाहिले. "हत्यार निघालं तर मनगट धरावं. कवायतीत जमादार हेच शिकवतात."

"तुझ्या जमादाराला सांग, आधी गचांडी, मंग कवायत. चल रं, कोनगावच्या पंडिता!"

मागांच्या दोन रांगांमधील वाट जेमतेम एका देहाची. तेथे त्या दोघांपैकी एक कृश कामगार घामाने निथळत उभा होता. हवालदारांनी दोन्ही हातांनी त्याची कॉलर आवळली.

"साब, छोड़ दो. बोलता हूँ, छोड़ दो!"

बोलता बोलता त्याचा हात कमरेला गेला, आणि सुरा लखलखला. केसरीनाथाने काठी उगारली, ती मागावरच्या फिरत्या पट्ट्यात अडकली. मग काठी सोडून त्याने झेप घेतली, दोन्ही हातांनी मनगट पकडले आणि हवालदारांच्या पोटालगतच मागाच्या लोखंडावर दाबून धरले. सुरा खाली पडला. इतर कामगारांनी त्या इसमास जखडले.

"त्यानी मना बुक्का मारला रं," हवालदार हसत म्हणाले. तदनंतर त्यांनी खाली पाहिले. पोटावरचा सदरा लालभडक झाला होता. ते मटकन खाली बसले.

कारखान्याच्या टेम्पोत केसरीनाथ त्यांच्या पोटावर उजवा पंजा दाबून बसला. जों जों दाबावे, तों तों रक्त अधिकच वाहत होते.

"केसरी, वैशाखात पोरीचा लगीन हाय. मी न्हाय ऱ्हायलो तर ठकुबाईला सांग, तारीख मोडू नको."

"वहिनींना तुम्हीच सांगा. आता बोलू नका, दादा."

रुग्णालयात डॉक्टरांनी त्याचा पंजा बळेच बाजूला सारला, सदरा कापला, कापसाने पोट पुसले. कमरेचा जाड चामडी पट्टा चिरला होता. त्याखाली नखाने ओरबाडावे एवढाच ओरखडा होता.

"मग हे एवढं रक्त कुणाचं?" डॉक्टरांनी विचारले.

केसरीनाथाने आपला उजवा तळवा उताणा केला. अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत तो आडवा फाटला होता. आत काहीतरी पांढरे दिसत होते. वेदना मात्र तसूभरही नव्हती.

"पातं धरलंत तुम्ही," डॉक्टर म्हणाले.

"नाही, साहेब. मी मनगट धरलं होतं. शिकवल्याप्रमाणे."

हवालदार टेबलावर उठून बसले होते.

"मूठ मिटा," डॉक्टरांनी सांगितले.

केसरीनाथाने दात आवळून सर्व बळ एकवटले.

"मिटली, साहेब," तो म्हणाला.

सारेजण त्या उघड्या पंजाकडे पाहत राहिले.