तिकोनीचा दम

मी तिकोनी बोलतेय. विमानाची मशीन. आधीच कबूल करून टाकते, म्हणजे तुम्ही हसायला मोकळे. माझ्याइतकी मठ्ठ मशीन अख्ख्या मुरबाड तालुक्यात सापडायची नाही. अख्खा मोसम माझा दम का सुटत होता, ते शेवटपर्यंत मला कळलं नाही. मला वाटायचं, वय झालं. चाळिशी उलटली की असंच होतं बघा. कुठं काही बिघडलं तरी आपल्यातच बिघडलंय असं वाटतं.

जन्म माझा जपानचा. बाकीच्या मशिनींच्या पोटात पिस्टन वरखाली उड्या मारतात. माझ्या पोटात दोन तिकोनी चकत्या गरागरा फिरतात, बस्स. एका हौशी शेठच्या गाडीत बसून मुंबईला आले. तेलाला महाग म्हणून शेठचं मन उडालं, आणि गाडीसकट मी भंगारात गेले. तिथून मला सावळारामने उचललं. तिकोनी हे नावही त्यानेच ठेवलं.

सावळाराम कसाऱ्याला रेल्वेत फिटर होता. घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटायला जादा इंजिन लावतात ना, ती इंजिनं तो सांभाळायचा. "जलमभर दुसऱ्यांना वर ढकललं," तो म्हणायचा, "आता एक डाव आपण वर जायचं." रिटायर झाल्यावर म्हसा गावाच्या अलीकडे, आपल्या शेतावर, पत्र्याची शेड घातली. लाकडाच्या पट्ट्या आणि कापड जोडून सहा वर्षं विमान बांधलं आणि त्याच्या नाकात मला बसवलं.

फार लांब जायचं नव्हतं त्याला. भात कापून झालं की पौषापासून जमीन टणक होते. मधले बांध फोडून त्याने पाच वावरं सलग केली होती. ह्या टोकाकडून त्या टोकाला, माणूसभर उंचीने, एकदाच. एवढंच.

पण ते ह्याच मोसमात व्हायला हवं होतं. ठाण्याच्या डॉक्टरने सांगितलं होतं, हाताचा कंप वाढत जाणार, पुढच्या वर्षी ह्या हातांचा भरवसा नाही. मला तर डॉक्टरच्या आधी कळायला हवं होतं. त्याने माझा जोर वाढवायचा दांडा धरला की थरथर माझ्यापर्यंत पोचायची. मला वाटायचं, ती माझीच.

म्हशाच्या जत्रेतून त्याने बैलाचं जाड दावं आणलं. विमानाची शेपटी चिंचेला बांधायची आणि मला पूर्ण जोरात पळवून बघायचं. माझ्या फेऱ्यांचा काटा मिनिटाला पाच हजार चारशेला टेकला आणि पाच मिनिटं टिकला, की दावं सोडायचं, असं त्याचं ठरलं होतं.

टेकायचा हो काटा! पहिली तीन मिनिटं मी अशी गर्जायचे की कोंबड्या ओढ्यापलीकडे. मग घशाशी घास कमी पडायला लागायचा. पाच हजार, साडेचार, चार. खोकत खोकत बंद.

सावळाराम खाली उतरायचा आणि पहिलं काम म्हणजे टाकीचं झाकण उघडून काठी बुडवून पेट्रोल बघायचा. इंजिन थांबलं की आधी तेल बघायचं, ही तीस वर्षांची सवय. झाकण उघडताना एक बारीक सुस्कारा यायचा. लोको शेडमध्ये आयुष्य काढलेल्या कानांना तो काय ऐकू येणार? झाकण लावून पुन्हा चालू केलं की मी ठणठणीत. तीन मिनिटं. मग पुन्हा तेच.

त्याने गाळणी बदलली. प्लग बदलले. वायरी बदलल्या. पंख्याची पाती काढून पुन्हा मोजून बसवली. दोनदा माझं पोट उघडून चकत्यांच्या कोपऱ्यातल्या पट्ट्या भिंगाखाली धरल्या. मुरबाडहून ट्रॅक्टरवाला वाल्मिक आला, माझ्याभोवती फिरला.

"काका, हिच्यात पिस्टनच नाय," तो म्हणाला. "मी हात लावू तरी कशाला?"

"पिस्टन नाय तेच तर हिचं कौतुक रे."

"कौतुकाने इमान उडतं का? हिरीवरच्या पंपाला लावा, चांगली चालंल."

पंपाला! चार दिवस मी अबोला धरला. कुणाच्या लक्षात आला नाही, तो भाग वेगळा.

फाल्गुनात काजल आली, सावळारामची मुलगी. सातवा लागला होता. आधीची दोन पोटातच गेली होती, म्हणून घरात सगळे पाऊल जपून टाकत होते. वत्सला, सावळारामची बायको, भांडंसुद्धा आवाज न करता ठेवायची. काजल आली त्याच दुपारी वत्सला शेडच्या दारात उभी राहिली. मोसमाच्या सुरुवातीपासूनच एक कुंभारीण माशी तोंडात चिखलाची गोळी घेऊन माझ्या पंखाखाली जात होती, येत होती. वत्सला वाकली, पंखाखाली बघितलं, आणि तिने हात जोडले. मला वाटलं, नमस्कार मला केला. काय फुगले होते मी!

आमच्याकडे म्हणतात, कुंभारणीने घर बांधलं की त्या घरात पाळणा हलतो. आणि ते घर मोडलं तर? पुढचं कुणी बोलत नाही.

चैत्र लागता लागता काजलचं डोहाळजेवण झालं. शेडच्या बाहेरच चूल मांडली होती. वत्सलाने तेलाचा पंधरा किलोचा डबा काढला, खिळ्याने एक भोक पाडलं आणि कढईत तिरपा केला. तेल आलं, गुडगुडलं, थांबलं.

"वत्सलाबाय, दुसरं भोक पाड गो," शेजारची सकुबाई म्हणाली. "वारा आत गेल्याबिगर तेल कसं भायेर येल?"

वत्सलाने दुसरं भोक पाडलं. तेल सरळ धारेने पडायला लागलं. पण ती खिळा हातात धरून तशीच उभी. मान वळवून माझ्याकडे बघत होती, म्हणजे पंखाकडे. कढई भरून वाहायला आली तेव्हा सकुबाईने डबा सरळ केला.

त्या दिवसापासून वत्सला शेडमध्ये यायची बंद झाली. मला वाटलं, माझ्यावर रागावली.

आठवडाभराने एका दुपारी सावळाराम पंखाखाली शिरला आणि बाहेरच येईना. नुसते पाय दिसत होते. मला वाटलं, झोपला. ऊन पायांवरून सरकून गेलं तेव्हा तो उठला, खिशात काहीतरी टाकलं, हात पुसले. मग तिसऱ्यांदा माझं पोट उघडलं. पण ह्या वेळी भिंग नव्हतं. एकेक पट्टी नुसती पुसायचा आणि ठेवून द्यायचा. स्क्रू हातातून सुटायचा, तो शोधण्यात अर्धा दिवस. त्याला घाई नव्हती. आंब्याचा मोहर गेला, आंबे आले, तरी मी उघडीच.

शेवटी अंगणात जाऊन तो वत्सलाला म्हणाला, "मशीन म्हातारी झाली गो. नाय उडायची."

"झाली तर झाली," वत्सला तांदूळ निवडत म्हणाली. "ऱ्हाऊ दे यंदा."

सगळा आळ माझ्यावर! आणि मूर्ख मी, मलाही तो खरा वाटला. त्याने मला पुन्हा जोडलं, ताडपत्री घातली, आणि मी अंधारात माझं म्हातारपण मोजत बसले.

ज्येष्ठात काजलला मुलगी झाली. तीन किलोला थोडी कमी, आवाज मात्र माझ्यासारखा. तोवर पाच वावरांचा चिखल झाला होता आणि सावळारामच्या सदऱ्याची बटणं वत्सला लावत होती.

बारा दिवस झाल्यावर वत्सला शेडमध्ये आली. त्याच सकाळी पंखाखालून एक कोवळी कुंभारीण बाहेर पडली होती, पंख वाळवून उडून गेली होती. आमच्या विमानातून उडालं ते एवढंच.

वत्सलाने केसातला आकडा काढला, खाली वाकली आणि पंखाखालच्या नळीतला वाळला चिखल कोरायला लागली. टाकीतलं पेट्रोल खाली जातं तसा त्या नळीतून वारा आत यावा लागतो. डब्याचं दुसरं भोक हो! मी नाही म्हातारी झाले. माझा घास अडला होता.

एकाएकी तिचा हात थांबला. नळीच्या शेजारी, पंखाच्या कापडावर, खडूने काहीतरी लिहिलं होतं. अक्षरं अशी की जणू बैलगाडीत बसून लिहिलेली. वत्सला चौथी शिकलेली, एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचलं.

"हात... लावू... नये."

ती गेली आणि सावळारामला मनगटाला धरून घेऊन आली.

"कवा कळलं तुमाला?"

"चैतात. तुला?"

"तेलाच्या डब्यावरनं."

"मंग बोललीस का नाय?"

"तुमी बोललात?"

 घरातून पोरीचं रडणं येत होतं, दोघं ते ऐकत राहिले.

वत्सलानेच माझी शेपटी चिंचेला बांधली. सावळाराम आत बसला. दांडा धरवेना, हात नाचत होता. तेव्हा ती शेजारी उभी राहिली, त्याच्या हातावर आपला हात दाबून धरला, आणि दोघांनी मिळून मला पुढे रेटलं.

पाच हजार चारशे! एक मिनिट. तीन मिनिटं. पाच. काटा हलला नाही. दावं तारेसारखं ताणलं, चिंचेचा पाला माझ्या वाऱ्याने मागे उडाला. सावळाराम हसत होता आणि डोळे पुसायला त्याच्याकडे मोकळा हात नव्हता.

एकच मागणं आहे माझं तुमच्यापाशी. घरातल्या कुणाला दम लागला, तर पहिलं त्याचं पोट उघडू नका. आधी बघा, त्याने कुणाचं घर सांभाळायला आपला वारा बंद करून घेतलाय का.

त्या दिवशी मला मात्र अजून आशा होती. वावरात चिखल आहे, हात गेलेत, सगळं कळत होतं. तरी मी सगळा जोर लावून एक हिसका दिला, दावं करकरलं. सोडा ना, म्हटलं. एक डाव.

वत्सलाने हात लांब करून माझं बटण बंद केलं.

"पुरे गो तिकोने," ती म्हणाली. "पंखा थांबव. लंगोट वाळत घालायचेत."