कृष्णातच्या डोक्याचा लेप

कृष्णातच्या डोक्यावर मी जो लेप चोपडला, तो त्याचं भलं व्हावं म्हणून नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. लोकांना मी 'चुकून झालं' असं सांगतो. चुकून काहीही झालेलं नाही.

आष्ट्यात माझं खता-बियाण्याचं दुकान आहे. कृष्णात आणि मी पहिलीपासून एका बाकावरचे. त्याचा पाच एकर ऊस, स्वतःचा ट्रॅक्टर, सुपारीचंही व्यसन नाही. तरी तेहतिशी आली आणि लग्न जमत नव्हतं. अकरा मुलींनी नाही म्हटलं होतं. शेतकरी नवरा नको ही रड आजकाल घरोघर आहे, पण याच्या बाबतीत आणखी एक कारण होतं. कपाळ मागे सरकत सरकत पार शेंडीपर्यंत गेलं होतं. पलूसच्या एका घरात मुलीच्या भावानं त्यालाच विचारलं, "नवरदेव मागनं येतोय काय?" हा किस्सा मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितला. कृष्णातच्या समोरही सांगितला. तो हसला.

कॉलेजात याच माणसाच्या केसांवर मुली भाळायच्या. कपाळावरची बट फुंकरीनं उडवत तो वर्गात शिरायचा आणि त्याच्या शेजारचा मी कुणाला दिसायचोच नाही. जिच्यासाठी मी वर्षभर झुरलो, तिनं मला एकदाच थांबवलं, तेही त्याला द्यायची चिठ्ठी माझ्या हातात ठेवायला. पुढे त्याचे केस गळू लागले तेव्हा मला बरं वाटलं. वाईट माणूस म्हणा हवं तर.

या वर्षी त्यानं मोबाइलवर जाहिरात बघून एक परदेशी बाटली मागवली. पीटचा अर्क. थंड मुलखातल्या दलदलीत शेवाळ आणि गवत हजारो वर्षं कुजून जी काळी माती होते, ती पीट. तिचा रस काढून टाळूला लावायचा. माझ्या दुकानाला लागूनच यासीनचं सलून आहे. यासीननं बाटली वाचली, थेंबभर मनगटावर चोळून बघितला.

"चांगलं हाय, लाव," तो म्हणाला. "खाज कमी हुईल, कोंडा जाईल. पन क्यास उगवायचे न्हाईत, किस्नात. त्याची आशा धरू नगंस."

कृष्णातनं शेवटचं वाक्य कानाआड केलं. एक दिवसाआड यासीन ब्रशनं लेप लावायचा आणि वीस मिनिटांनी धुऊन टाकायचा. खाज खरोखरच गेली, टाळू स्वच्छ झाली. मग कृष्णात माझ्या गल्ल्यापाशी येऊन डोकं वाकवायचा. "हितं लव आल्यावानी वाटतंय का रं?" मी म्हणायचो, "लय दाट आलीया." तो खूश होऊन जायचा.

त्याच सुमारास माझ्या बायकोनं, अंजनानं, तिची मावसबहीण राजनंदिनी सुचवली. कडेगावात रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती कामाला होती. रविवारी बघायला जायचं ठरलं. कृष्णातनं टोपीतला फोटो पाठवला होता. अंजनाला ते पटेना, म्हणून तिनं ट्रॅक्टरवरचा त्याचा उघड्या डोक्याचा फोटो परस्पर पाठवून दिला. त्याआधीच्या सोमवारीच उत्तर आलं.

"नंदिनी म्हणती, टकलाचं काय एवढं," अंजना म्हणाली. "मानूस शांत दिसतोय, मला पसंत हाय. फकस्त टोपी न घालता या म्हनावं, मला खोटं चालत न्हाई. आजच सांगा त्यास्नी."

मी म्हणालो, सांगतो. आणि सांगितलं नाही. आठवडाभर त्याची तगमग बघायची आणि रविवारी निघताना चारचौघांत गंमत म्हणून सांगायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं.

गुरुवारी बाटली संपली. नवी यायला पंधरा दिवस लागणार होते. रिकामी बाटली घेऊन तो दुकानात आला, तोंड उतरलेलं. मी मागचं लेबल वाचलं. त्यात ह्युमिक ॲसिड होतं. ते तर आम्ही उसाला ठिबकमधून सोडतो, माझ्याकडे त्याचे कॅनच्या कॅन पडलेले असतात.

"आरं, त्योच माल हाय ह्यो," मी म्हणालो. "तुझा शिशीतला, माझा क्यानातला."

माझ्याकडचा माल कातडी जाळणारा कॉस्टिक सोडा घालून काढलेला असतो, हे मला माहीत होतं. त्वचेला लागू देऊ नये, असं कॅनवर लाल अक्षरांत छापलेलं होतं. ती बाजू मी भिंतीकडे फिरवून ठेवली. यासीन जेवायला घरी गेलाय, हेही बघून घेतलं. कृष्णातला दुकानातच खुर्चीत बसवून ते काळं दाट पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं, वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधली आणि फोटो काढून वर्गमित्रांच्या ग्रुपवर टाकला. खाली उसाच्या लागवडीच्या भाषेत लिहिलं, 'आडसाली लागण'. मिनिटाभरात सगळे हसायला लागले.

"आग हुतीया रं," तो म्हणाला.

"हुनारच. मुळं जागी हुत्यात."

त्यानं ते खरं मानलं. खुर्चीचे हात आवळून तो पाऊण तास बसला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी तो पिशवी काढ म्हणाला नाही, नुसता किती वेळ राहिला ते विचारत होता. मी प्रत्येक वेळी आणखी दहा मिनिटं म्हणालो.

यासीन परत आला तेव्हा त्यानं आधी कृष्णातकडे बघितलं, मग कॅन फिरवून वाचला. कृष्णातला ओढत नेऊन त्यानं नळाखाली धरलं. पिशवीबरोबर कातडीही निघाली. त्या दिवसापासून यासीन माझ्याशी बोलत नाही.

सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, जखम भरेल, पण व्रण कायमचे राहतील. दवाखान्याच्या पायरीवर मी कृष्णातला हात जोडले. "कडेगावात माझं नाव घिऊ नगंस गड्या. सासुरवाडीत तोंड दावायला जागा राहनार न्हाई."

"तू काय मुद्दाम केलंस व्हय?" तो म्हणाला. "न्हाई घेत. शबूद दिला."

रविवारचं पुढे ढकलू म्हणालो तर ऐकेना. "आज न्हाई गेलो तर हीबी जाईल," म्हणाला. पट्टीवर टोपी चढवून तो गाडीत बसला. अंजना आजारी होती म्हणून आम्ही दोघंच गेलो. निरोप अजूनही माझ्याचजवळ होता. आता तो कोणत्या तोंडानं सांगणार?

राजनंदिनी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली आणि त्याच्याकडे बघून थांबली.

"तुमास्नी निरोप मिळाला न्हाई का?"

"कसला?"

"टोपी न घालता या म्हनून. टक्कल मला ठावं हुतं. सोमवारीच मी पसंती कळवलीया."

कृष्णातनं माझ्याकडे बघितलं. मग सावकाश टोपी काढली. पट्टी पिवळी होऊन डोक्याला चिकटली होती. तिच्या आईनं तोंडाला पदर लावला. तिचे वडील नानासो खुर्चीतून अर्धवट उठले. "ह्ये काय वो?"

कृष्णात बोलणार नव्हता. शब्द दिलेला माणूस. बोलायचं होतं ते मी, आणि एवढंच सांगायचं होतं की मी केलं.

"जुनं दुखनं हाय, नाना," मी म्हणालो. "अंगातच हाय त्याच्या. आमालाबी म्हाईत नव्हतं."

राजनंदिनी जवळ आली, वाकून पट्टीच्या कडेची कातडी बघितली. "ह्ये दुखनं न्हवं, ह्ये भाजलंय," ती कृष्णातला म्हणाली. "तुमी सांगा. काय झालं?"

"सांगता यायचं न्हाई," एवढंच तो म्हणाला.

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "खोटं चालत न्हाई असं मी कळवलं हुतं." आणि आत निघून गेली. आतून तिच्या रडण्याचा आवाज आला. नानासोंनी आम्हाला फाटकापर्यंतही सोडलं नाही.

गाडीत कृष्णातनं विचारलं, "निरोप सोमवारी आलता?"

"व्हय."

"आन् त्ये त्वा गुरवारी लावलंस."

मी गाडीचा वेग वाढवला.

"घाबरू नगंस," तो म्हणाला. "तुझं नाव मी कुटंच घेनार न्हाई. शबूद दिलाय." आणि मला, खरं तेच सांगतो, हायसं वाटलं.