फ्रीझच्या दारात

कोथिंबिरीच्या जुडीशेजारी ठेवायची वस्तू आहे का ही? सून कल्पिताच्या नावाने पुटपुटत आवडाबाईने फ्रीझच्या दारातला इंजेक्शनांचा डबा उचलला आणि वर बर्फाच्या खणात, बोंबलांच्या पिशवीखाली दाबला. सुनेच्या छातीत गाठ निघाली होती. केमो कूस जाळून टाकते, म्हणून आधी बीज काढून ठेवायचं. त्यासाठी रोज संध्याकाळी पोटात सुई. आणि ही बाई दवा दारात टाकून खुशाल मोबाइल बघत बसते.

विठ्ठलवाडीच्या बाजारात आवडाबाईने तीस वर्षं मासळी विकली. तिच्या पाटीतलं पापलेट कधी मऊ पडलं नाही. थंडाव्यातलं तिला कोण शिकवणार? रोज सकाळी ती डबा वर दाबी आणि वाद नको म्हणून दुपारी गुपचूप पुन्हा दारात ठेवी. संध्याकाळी मुलगा मितेश बायकोला सुई टोचायचा, तेव्हा कल्पिता भिंतीकडे बघत राही. हूं की चूं नाही. तेवढं मात्र आवडाबाईला आवडायचं.

नवव्या दिवशी दोघं ठाण्याच्या दवाखान्यातून परतली. मितेश चपला न काढताच खुर्चीत बसला.

“काय म्हणाले रे?”

“बीज काय वाढलंच नाही, आई. नऊ दिवस फुकट.”

“मग अजून टोचा.”

“वेळ कुठे आहे? गाठ वाढतेय. सोमवारी केमो.”

“आणि बीज?”

मितेशने नाही म्हणून मान हलवली.

कल्पिता ओट्याशी पाणी पीत होती. ग्लास विसळून तिने पालथा घातला.

“नर्स विचारत होती, इंजेक्शनं बर्फात तर ठेवली नव्हती ना. गोठली की फुकट जातात म्हणे. मी सांगितलं, दारातच असतात.” तिने ओला हात ड्रेसला पुसला. “माझ्यातच काही नसेल. तुम्ही म्हणता ना आई, हिच्या हाताला गुण नाही.”

आवडाबाईने फ्रीझ उघडला. डबा दारात होता, दुपारी तिनेच ठेवलेला. पुठ्ठा ओलसर होऊन फुगला होता. त्यावर बर्फाचं एक फूल होतं आणि फुलावर तिरकी रेघ. कंपनीचं चित्र असेल, असं तिला इतके दिवस वाटलं होतं.

“आई, दार लावा. गार हवा जातेय,” मितेश म्हणाला.

तिने दार लावलं नाही. डबा हातात घेऊन ती सुनेसमोर जाऊन उभी राहिली.

“तुझा काय दोष नाय, बाय. तू बरोबर ठेवलेलीस. हात माझा लागला.”